दोनच टर्म

पांढुर्णा
१६ ऑक्टोबर २०२४

प्रज्ञा,

पत्र पाहून घाबरू नको, कोणाले काही झालं नाही. तुझा नंबर तुझ्या बाबांनी माझ्या फोनमधून काढून टाकला, अन् मले तो पाठ नाही. पहिले सगळे नंबर पाठ राहत, आता नावावर बोट ठेवायची सवय लागली. तुझ्या ऑफिसचा पत्ता तू पाठवलेल्या साडीच्या डब्यावर सापडला, म्हणून लिहून राहिली. पुण्याच्या वकिलांच्या ऑफिसात आईचं पत्र आलं म्हणून कोणी हसलं तं हसू दे.

परवा आम्ही सगळे नागपूरले दीक्षाभूमीवर जाऊन आलो. तुझे बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, छातीवर विहार समितीचा बिल्ला लावून, अख्ख्या मोहल्ल्याले गाडीत चढवून राहिले होते. अध्यक्ष ना ते! अन् तिथं पोचल्यावर तू दर वर्षी जिथं भेटत होती, त्या पुस्तकांच्या दुकानापाशी हा माणूस किती वेळ उभा. मी म्हटलं, "कोणाची वाट पाहून राहिले?" तं म्हणे, "कोणाची नाही. पाय दुखून राहिले." पाय दुखणारा माणूस उभा राहते का, सांग बरं. पण तू आली नाही. जाऊ दे.

एप्रिलमध्ये तू जे बोलली ते खोटं नव्हतं. पण जयंतीच्या स्टेजवर, साऱ्या लोकांदेखत, "बाबा, जानेवारीत तुमची दुसरी टर्म संपते, आजच सांगून टाका की मी पुन्हा उभा राहणार नाही" हे पोटच्या पोरीनं माईकवर म्हणावं? घरी आल्यावर ते म्हणाले की या घरात कायदा शिकवायले येऊ नको, अन् तू बॅग उचलली. दोघंही एकासारखे एक. मधात मी.

आता खरी गोष्ट. विहाराच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. सव्वीस नोव्हेंबरले आमसभा, अन् विषय काय तं अध्यक्षाच्या दोन टर्मची अट काढून टाकणे. तुझ्या बाबांले तिसऱ्यांदा व्हायचं आहे.

ही अट घातली कोणी? यांनीच! तू तेव्हा शाळेत होती, तुले आठवत नसेल. पहिले आपल्या मोहल्ल्यातले बापूजी अध्यक्ष होते. मरेपर्यंत अध्यक्ष. शेवटी शेवटी त्यांले ऐकू येत नव्हतं, मीटिंग त्यांच्या खाटेपाशी भरे, अन् ते झोपले की ठराव मंजूर झाला असं समजून लोक घरी जात. ते गेल्यावर तुझे बाबा अन् उत्तमभाऊ आपल्या समोरच्या खोलीत बसून समितीची घटना लिहायले लागले. तुझ्या बाबांनी कुठंतरी वाचलं होतं की अमेरिकेत कितीही मोठा माणूस असो, दोनदाच राष्ट्राध्यक्ष होता येते. म्हणे, "तिथं चालते तं पांढुर्ण्यात काऊन नाही चालणार?" लिहून टाकलं, अध्यक्षाले दोनच टर्म, तीन-तीन वर्षांच्या.

उत्तमभाऊंची शकुंतला अन् मी चहा घेऊन आलो होतो. शकुंतलाचं तोंड तुले माहीत आहे. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "अन् मत कोण टाकणार? विहार झाडायचा आम्ही, अन् हात वर करायचे तुम्ही?" तुझ्या बाबांनी थोडा वेळ विचार केला अन् तेही लिहून टाकलं. एका घराचं एक मत, अन् ते घरातल्या बाईनं टाकायचं. म्हाताऱ्या बायकायले लिहिता येत नव्हतं, म्हणून दाण्यांची रीत काढली. होकाराले ज्वारी, नकाराले तूर. आजूबाजूच्या गावांत कुठंच असं नाही. त्या दिवशी तुझे बाबा मले भल्ले आवडले होते, हे तुले सांगायले हरकत नाही.

आता म्हणते कसे, सभागृहाचं काम अर्धवट आहे. जिल्हा झाला, कलेक्टर इथंच येऊन बसला, माझी तिथं ओळख झाली, नवीन माणसाले तिथं कोण उभं करते? यातलं अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं मी सांगते. नगरपालिकेतून रिटायर झाल्यापासून सकाळी उठून शर्टाले इस्त्री करायले त्यांले हे एकच कारण आहे. रस्त्यानं लोक 'अध्यक्षसाहेब' म्हणते तेव्हा त्यांची मान कशी होते ते मी पाहते. मले दया येते अन् रागही येते.

अन् दलील काय, तं बाबासाहेबांच्या घटनेत राष्ट्रपतीले पुन्हा उभं राहायले मनाई नाही, कलम सत्तावन्न. मंग आपण कोण मनाई करणारे? चहाच्या ठेल्यावर, दवाखान्यात, जिथं तिथं कलम सत्तावन्न. तू वकील आहे, हे खरं आहे का? खरं असेलच, खोटं बोलायची सवय नाही त्यांले. पण पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा हे कलम कुठं गेलं होतं, असं विचारावं वाटते. विचारलं नाही.

जेवत जा. जय भीम.

तुझी आई


पांढुर्णा
२७ नोव्हेंबर २०२४

प्रज्ञा,

पडला! ठराव पडला! आधी हेच लिहून घेते, बाकी मागून.

काल संविधान दिवस. सगळ्यांनी उभं राहून उद्देशिका वाचली, अन् मंग तुझ्या बाबांचं भाषण. अर्धवट सभागृह, कलेक्टर, कलम सत्तावन्न. चांगले बोलले, बोलते तं ते चांगलेच. मंग उत्तमभाऊ उठले. त्यांले भाषण येत नाही. ते एवढंच म्हणाले, "मनोहर, ही अट तू माझ्यासमोर लिहिली. तेव्हा तू अध्यक्ष नव्हता म्हणून तुले ती चांगली दिसली." अन् बसले.

मंग बायका एक एक करून पडद्यामागं. सचिव स्वप्निल, तोच मोबाईलच्या दुकानवाला, प्रत्येकीच्या हातावर एक तूर अन् एक ज्वारी ठेवे. एक दाणा मडक्यात टाकायचा, उरलेला मुठीत घेऊन घरी जायचं, कोणी कोणाले विचारायचं नाही.

मी आत गेली. हात मडक्यात घातला अन् थांबली. बाहेरून तुझ्या बाबांचा आवाज येऊन राहिला होता, कोणाले तरी म्हणून राहिले होते, "आपल्या घरचं तं पक्कं आहे." बस, तेव्हाच मी तूर सोडली. वाटलं आवाज होईल, बाहेर ऐकू जाईल. दाण्याचा काय आवाज येते! बाहेर आली तं शकुंतलानं माझ्याकडं पाहिलं, मी दुसरीकडं पाहिलं.

तिनंच केलं हे सारं. दिवसभर सावरगावले संत्री निवडायची, खोकी भरायची, अन् संध्याकाळी घरोघर जायचं. दम लागते तिले आजकाल, दोन पायऱ्या चढली की बसते. पण फिरली. बायकायले म्हणे, "आज अध्यक्षाची अट काढून राहिले, उद्या तुमची मूठ काढतील." तेव्हा मले वाटलं, ही जरा जास्तच बोलते.

स्वप्निलनं मडकं परातीत उलटं केलं. ज्वारी जास्त होती, पण दोन-तृतीयांश पाहिजे होती, तेवढी नाही भरली. थोडक्यात गेला ठराव. म्हणजे तूर टाकणारी मी एकटी नव्हती पोरी, बऱ्याच जणी होत्या!

तुझे बाबा घरी येऊन पलंगावर बसले. "आपल्याच लोकांनी दगा दिला," एवढंच म्हणे. जेवले नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या. मले भूक लागली होती.

खूश आहे ना आता? मंग जानेवारीत ये. नवीन अध्यक्ष होईल, तुझे बाबा आठ दिवस फुगून बसतील, मंग होईल सारं बरोबर.

तुझी आई


पांढुर्णा
१६ डिसेंबर २०२४

प्रज्ञा,

तुझं पत्र भेटलं. नंबर दिला ते बरं केलं, पण फोन मी करणार नाही. दोन खोल्यांचं घर, इथं बोललेलं तिथं ऐकू जाते. पत्रच लिहीत जा, शेजारच्या प्रियंकाच्या नावानं टाक, ती आणून देते.

झालं असं की मागच्या पत्रात मी लयच उड्या मारल्या. काहीच बरोबर झालं नाही. कार्यकारिणीची मीटिंग झाली अन् उत्तमभाऊंचं सभासदत्व रद्द केलं. कारण लिहिलं, समितीविरोधी काम. शकुंतलानं बायकायले फितवलं म्हणे. बायकायले फितवता येते, म्हणून आता दाणे नाही. पुढच्या वेळी हात वर करून मतदान, अन् तेही घरातल्या मुख्य माणसानं. मुख्य म्हणजे कोण ते समजलंच असेल तुले. सव्वीस जानेवारीले पुन्हा तोच ठराव अन् लगेच निवडणूक.

तू लिहिशील की हे बेकायदेशीर आहे, घटनेतली रीत कार्यकारिणीले बदलता येत नाही. नसेल येत. पण दावा कोण करणार? उत्तमभाऊ? त्यांच्या घरी तं आता कोणी पाणी प्यायले जात नाही.

हव. हे मी तुले सांगणार नव्हती. फळ्यावर सभासदत्वाचंच लिहिलं आहे, पण तोंडातोंडी सांगितलं की त्या घरी जायचं नाही, त्यायले बोलवायचं नाही, विहारातले स्वयंपाकाचे गंज, सतरंज्या, काही द्यायचं नाही. रविवारी वंदनेले शकुंतला आली तं तिच्या दोन्ही बाजूच्या बायका हळूहळू सरकल्या. ती डोळे मिटून बसली होती. उघडले तेव्हा सतरंजीवर एकटी. मी दोन ओळी मागं होती. मी सरकली नाही, पण पुढं पण गेली नाही.

तू लिहिलं, "आई, सांगून टाक बाबांना की तूर तू पण टाकली. मग शकुंतला मावशीवर सगळं येणार नाही." वा रे वा! किती सोपं आहे पुण्यातून! सांगितलं अन् त्यांनी मले बाहेर काढलं तं? तुझ्याकडं येऊ? तुझ्या त्या एका खोलीत, जिथं तुझी मैत्रीण गादी उभी करून ठेवते तेव्हा चालायले जागा होते? या वयात मी कोणाच्या दारात जाऊन बसू? अन् बाहेर नाही काढलं तरी त्या माणसाचं काय होईल, याचा विचार केला का तू? साऱ्या मोहल्ल्यासमोर बायकोनं पाडलं म्हणतील. तो माणूस उठायचा नाही पुन्हा. तुले राग काढायले सोपं आहे, तू त्याचं ताट नाही वाढत.

गुरुवारच्या बाजारात शकुंतला दिसली, मेथीची जुडी हातात घेऊन उभी. आपल्यातलं आजूबाजूले कोणी नव्हतं म्हणून मी जवळ गेली. तिचे ओठ निळसर दिसले मले. मी म्हटलं, "दवाखान्यात दाखवलं का?" तं म्हणे, "दाखवलं. गोळ्या चालू आहे." मंग म्हणते, "चंदा, हे तं आपण पाहिलंच होतं वो. माझ्या आजीले विहिरीवर चढू देत नव्हते. पण तेव्हा करणारे दुसरे होते." अन् म्हणाली, "तू काय टाकलं ते मले माहीत आहे, तुझ्या तोंडावर दिसलं होतं. मी कोणाले सांगणार नाही. अन् तू माझ्याकडं येऊ नको, तुझ्या घरी उगीच भांडण होईल."

अन् मी गेली नाही. ती म्हणाली म्हणून नाही गेली असं लिहिणार होती, पण तू ओळखशील.

आई


पांढुर्णा
११ जानेवारी २०२५

प्रज्ञा,

शकुंतला गेली. परवा पहाटे, छिंदवाड्याले नेता नेता रस्त्यातच.

गाडी तिले घेऊन परत आली तेव्हा आठ वाजले असतील. दारासमोर उतरवलं. आपल्यात कोणी गेलं की काय होते तुले माहीत आहे. अध्यक्ष येते, विहाराची खोली उघडते, तिरडी निघते, पांढरं कापड येते, पोट्टे माईक लावते, बायका आंघोळीचं पाणी तापवते. कोणाले सांगावं लागत नाही. परवा कोणीच निघालं नाही. उत्तमभाऊंचे भाऊबंद पण याच मोहल्ल्यातले, म्हणजे समितीतलेच. सगळे आपापल्या दारात उभे. मी पण आपल्या दारात. त्यांचा पोरगा सुरतेहून निघाला होता, तो संध्याकाळशिवाय पोचत नव्हता.

मंग उत्तमभाऊ आपल्या घरी आले. उंबऱ्याच्या आत आले नाही. तुझे बाबा खुर्चीवर बसले होते, शर्ट घालून, सकाळपासून घालूनच बसले होते. उत्तमभाऊ म्हणाले, "मनोहर, शकुंतला गेली." तुझे बाबा म्हणाले, "समजलं मले. लय वाईट झालं." उत्तमभाऊ म्हणाले, "लोक पाहिजे होते."

अन् तुझे बाबा काय म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "उत्तम, ठराव कार्यकारिणीचा आहे. मी एकटा तो कसा मोडू? अध्यक्ष झाला तरी त्याले घटनेनंच चालावं लागते."

मले वाटलं माझ्या कानाले काहीतरी झालं. दोन टर्मची घटना मोडायले निघालेला माणूस! उत्तमभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या हातावर तिच्या कुंकवाचं... नाही, कुंकू नाही, दवाखान्याच्या लाल औषधाचे डाग होते. डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाले, "सव्वीस तारखेले मी हात वर करतो. म्हणशील तं तुझ्या ठरावाले अनुमोदन देतो. आता लोक दे."

तुझ्या बाबांनी चपला घातल्या.

मंग काय, पाहता पाहता सारा मोहल्ला आला. स्वप्निलनं माईक लावला, खुर्च्या आल्या, सतरंज्या आल्या. इतके लोक बापूजींच्या वेळी पण नव्हते. बायका रडू लागल्या, सरकल्या होत्या त्याच. मी तिले आंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं. हात किती हलके झाले होते तिचे! मले रडू नाही आलं. मले स्वतःची किळस येऊन राहिली होती, अन् मी तिचे केस विंचरत होती.

शोकसभेत तुझ्या बाबांनी भाषण केलं. शकुंतलाताई म्हणजे आपल्या समितीचा आधार होत्या, महिलांच्या मताचा अधिकार ही त्यांचीच देणगी, असं म्हणाले. बोलता बोलता त्यांले रडू आलं. खरोखरचं आलं प्रज्ञा, नाटक नव्हतं ते. तेच मले सहन झालं नाही.

आई


पांढुर्णा
१७ जानेवारी २०२५

प्रज्ञा,

सांगितलं मी त्यांले.

काल सकाळी ते उन्हात बसून पेपर वाचत होते. मी चहा ठेवला अन् म्हटलं, "त्या दिवशी मी तूर टाकली होती." पाया पडून नाही, रडून नाही, उभ्यानं सांगितलं. मनात म्हटलं, आता काय करतील ते करतील. कप फेकतील, मारतील, घराबाहेर काढतील.

त्यांनी पेपर खाली पण केला नाही. म्हणाले, "मले माहीत होतं."

मी म्हटलं, "केव्हापासून?"

"त्याच दिवशीपासून. मी जेवलो नाही अन् तू दोन भाकरी खाल्ल्या. मी काय तुले ओळखत नाही?"

मी तिथंच पायरीवर बसली. म्हटलं, "मंग शकुंतलाले काऊन? तिले काऊन मारलं तुम्ही?"

तेव्हा पेपर खाली केला. म्हणाले, "मारलं कोणी? आजारी होती ती. अन् कोणाले तरी धरावंच लागत होतं. कोणाले धरलं नसतं तं समिती हातातून गेली असती. तुले धरलं असतं तं माझं नाक कापलं गेलं असतं. सांग, काय करायले पाहिजे होतं मी?" अन् खरंच विचारून राहिले होते. जसं मी काही उत्तर देईन, अन् ते ऐकून घेतील.

म्हणजे पाहा. मी वाट पाहून राहिली होती की मी सांगीन तेव्हा शकुंतला सुटेल. अन् सांगून सुटण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी माझ्या जागी तिले बसवलं होतं, समजून उमजून, अन् रोज माझ्या हातचं खात होते.

चहा प्याले. कप मी धुतला. इतक्या वर्षांची सवय.

आई


सौसर
२८ जानेवारी २०२५

प्रज्ञा,

वर गाव पाहिलं असशील. मामाकडं आली आहे. दोन साड्या अन् औषधं घेऊन आली, मामानं काही विचारलं नाही, मामीनं विचारलं, तिले सांगितलं बाप-लेकीचं भांडण चालू आहे. पुण्याले सध्या येत नाही. तू मले घ्यायले येऊ नको. थोडे दिवस मले कोणाच्याच बाजूनं बसायचं नाही. बाबांचे तीन फोन येऊन गेले, उचलले नाही. एकदा मामानं उचलला, तं म्हणे बीपीच्या गोळ्या कुठं ठेवल्या ते विचार. मी सांगितलं कुठं ठेवल्या ते.

सव्वीस तारखेची सभा झाल्यावरच निघाली मी. सभेले जाणार नव्हती. पण शकुंतलाच्या जागेवर कोणी बसलं असतं, म्हणून गेली अन् पुढच्या सतरंजीवर तिच्याच जागेवर बसली.

झेंडावंदन झालं, उद्देशिका झाली. मंग स्वप्निलनं सांगितलं की या वेळी मतदान हातानं, घरातल्या मुख्य माणसांनी करायचं, अन् भगिनींनी शांतता ठेवून सहकार्य करावं. माणसं एका बाजूले खुर्च्यांवर, बायका एका बाजूले खाली. माझ्या शेजारची म्हातारी मले विचारते, "चंदा, दाणे केव्हा देतील वो?" मी म्हटलं, "नाही देणार आता." ती म्हणे, "काऊन?"

ठराव मांडला. अध्यक्षाच्या मुदतीची अट रद्द करण्यात येत आहे. आता दोन नाही, तीन नाही, काहीच नाही. जोवर वाटेल तोवर. "अनुमोदन?" उत्तमभाऊ उठले, त्यांचं सभासदत्व त्यांले आठ दिवसांआधीच परत भेटलं होतं. आपल्यात कोणी गेलं तं डोकं भादरत नाही, पण तो माणूस तसाच दिसत होता, उघडा उघडा. "अनुमोदन आहे," म्हणाले. आवाज इतका लहान की स्वप्निलनं माईक त्यांच्या तोंडाशी नेला अन् त्यांले पुन्हा म्हणायले लावलं. ते पुन्हा म्हणाले. त्यांचा पोरगा मागं भिंतीले टेकून उभा होता, तो बाहेर निघून गेला.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." झाडून सारे हात वर. काहींनी आधी शेजाऱ्याकडं पाहिलं, मंग हात वर केला. उत्तमभाऊंचा हात कानापर्यंतच आला, पण आला.

मंग स्वप्निल, आपलं म्हणायचं म्हणून, घाईघाईत म्हणाला, "विरोधात कोणी?" अन् कागद घडी करायले लागला.

मी हात वर केला.

बसल्या बसल्या नाही, उभी राहिली अन् केला. बायकांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी माझं लुगडं ओढलं, खाली बस म्हणून. म्हातारीनं नाही ओढलं, ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. स्वप्निल गडबडला. म्हणे, "काकू, या वेळी बायकांचं मत नाही." मी म्हटलं, "मले माहीत आहे." तो म्हणे, "मंग हात खाली करा ना." मी म्हटलं, "तू तुझं काम कर, बाबू."

त्यानं तुझ्या बाबांकडं पाहिलं. साऱ्या सभेनं पाहिलं. उत्तमभाऊंनी मान वर केली तेवढी एकदा. तुझे बाबा खुर्चीवरून उठले, स्वप्निलच्या हातातून माईक घेतला. मले वाटलं आता सगळ्यांदेखत काय वाट्टेल ते बोलतील, अन् खरं सांगते, मले तेच पाहिजे होतं. बोलले असते तं निदान तो हात कोणाचा आहे ते त्यांले म्हणावं लागलं असतं.

ते माझ्याकडं पाहत होते. मी दहा पावलांवर उभी, हात वर, अन् ते सरळ माझ्या डोळ्यांत पाहत माईकमध्ये म्हणाले, "ठराव एकमतानं मंजूर."

आई